आळंदीनंतरची ५४ वर्षं



आजच्या वाचनाला नामदेव गाथेतलं समाधीचं प्रकरण आलंय. खरं सांगतो, हे प्रकरण मी दोन वर्षं टाळत होतो. रोजच्या क्रमात ते आलं की पानं उलटून पुढे जायचो. आज टाळायचं नाही असं ठरवून सकाळी साडेपाचला बसलो, वाचलं, आणि लॅपटॉप ऑफिसच्या कामाला लावायच्या आधी हे लिहायला घेतलं. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

आज ओळी समोर ठेवून अर्थ लावत नाही. आज नामदेवरायांचं आयुष्यच वाचू, वयावयानं. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एक प्रश्न असतो आणि सत्संगात तो विचारायची लाज वाटते. नाम घेतो, एकादशी धरतो, जमेल तेवढी वारी चालतो, तरी मन इतकं का खचतं? आपली भक्तीच कच्ची आहे का? हा प्रश्न मी स्वतःला रोज पहाटे चार वाजता विचारत होतो. तेव्हा झोप चारलाच मोडायची.

माझं गाव जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. हळद शिजायला लागली की आमच्या शिवारभर तोच एक वास. नामदेव आम्हाला पुस्तकातले संत वाटतच नाहीत, शेजारच्या गावचे वाटतात. कयाधूच्या काठावरचं नरसी आमच्याच जिल्ह्यातलं, आणि ज्या देवळात त्यांना गुरू भेटले ते नागनाथाचं देऊळ आमच्या तालुक्याच्या गावी. (काही अभ्यासक त्यांचा जन्म पंढरपूरचा मानतात. आमच्या गावात हे मोठ्यानं बोलू नका.)

शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे इ.स. १२७०. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा आणि घराला पंढरीची ओढ. नैवेद्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. वडील गावाला गेलेले, पोरगा ताट घेऊन देवळात गेला, देव जेवेना. पोरगा रडला, शेवटी पायरीवर डोकं आपटायला निघाला, तेव्हा देव जेवला.

लहानपणी मला यातला चमत्कार आवडायचा. आता त्या पोराचं डोकं दिसतं. देव जेवत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलं, हा त्याचा हिशोब. लहान लेकरांचं असंच असतं. घरात भांडण झालं, बाप दोन दिवस गप्प राहिला, आई आजारी पडली, की लेकरू दोष मुकाट्यानं स्वतःच्या नावावर लिहून घेतं. ते बोलून दाखवत नाही. पोट दुखतं म्हणतं, शाळेत जायचं नाही म्हणतं. कथेत पुढे नामदेव घरी येऊन सांगतो की देव जेवला, आणि कोणाला खरं वाटत नाही. पण दामाशेटी परत आल्यावर त्याला खोटारडा म्हणून उडवून लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर देवळात जाऊन स्वतः बघतात. त्या बापाबद्दल कीर्तनात फारसं कोणी बोलत नाही. बोलायला पाहिजे.

मग लग्न झालं. राजाई घरात आली. नारा, विठा, गोंदा, म्हादा ही चार मुलं, लिंबाई ही मुलगी. गंगाखेडहून आलेली जनाबाईही याच घरात वाढली. एवढं मोठं खटलं, आणि कर्त्या माणसाचं लक्ष कापडात नाही, राउळात. गोणाई आणि राजाई यांची गाऱ्हाणी गाथेत आहेत. घरात दाणा नाही, नवरा देवळात, मुलं उपाशी. पूर्वी मी ती भक्ताची परीक्षा म्हणून वाचायचो. आता राजाईचा जीव कळतो. संताच्या घरातही एक बाई रोज संध्याकाळी चुलीपुढे बसून काळजी करत होती, आणि तिला ते सांगायला देवाशिवाय कोणी नव्हतं. बाळंतपणानंतर, लहान लेकरांच्या धबडग्यात, पैशाच्या ओढीत बायकांचं मन खचतं ते घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि तरी कोणाला दिसत नाही.

आता तेरची गोष्ट. इथे मी जरा थांबणार आहे.

गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. नामदेव तेव्हा विशीत. विठ्ठलाचा लाडका म्हणून नाव झालेलं, आणि त्याचा थोडा तोराही असावा. मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना विचारलं की यातली पक्की मडकी कुठली आणि कच्ची कुठली. काकांनी कुंभाराचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेवाला राग आला, तो ओरडला. आणि सगळ्यांसमोर निकाल लागला की हे मडकं कच्चं आहे.

वारकरी परंपरेत ही गोष्ट अहंकाराची म्हणून सांगतात. ती आहेच. पण भरल्या बैठकीत वीस-बावीस वर्षांच्या पोराला कच्चा म्हटलं, लोक हसले, आणि तो तिथून उठून थेट पंढरपूरला पळाला, ही माणसाच्या मनाचीही गोष्ट आहे. माझा भाचा नांदेडला नीटच्या क्लासला होता. क्लासच्या ग्रुपवर टेस्ट झाली की रँकची यादी पडायची, सगळ्या पालकांना दिसेल अशी. पहिल्या महिन्यात तो हसत होता. चौथ्या महिन्यात आमच्या ताईशी नीट बोलेना, दार आपटायला लागला, रात्रभर मोबाईल. घरचे म्हणाले मस्ती आलीय. नंतर डॉक्टरांनी समजावलं की या वयात उदासी रडून येतेच असं नाही, पुष्कळदा ती चिडचिड होऊन येते. गोरोबाकाकांनी थापटणं एकदाच मारलं होतं. आपण पोरांना दर आठवड्याला मारतो.

नामदेव पळाला, पण त्याला जायला जागा होती हे महत्त्वाचं. तो विठोबाकडे गेला आणि रडून सगळं सांगितलं. विठोबानं त्याची खोटी समजूत काढली नाही. तो कच्चा आहे हे मान्य केलं आणि पुढचा पत्ता दिला. औंढ्याला जा, तिथे विसोबा खेचर आहे.

नागनाथाचा गाभारा तुमच्यातल्या किती जणांनी पाहिलाय माहीत नाही. तो जमिनीच्या खाली आहे. अरुंद वाटेनं, अंग चोरून, वाकून पायऱ्या उतराव्या लागतात. मी लहानपणापासून उतरतोय, अजूनही खाली गेल्यावर क्षणभर छाती दडपते. नामदेव तिथे पोचला तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेव चिडला, पाय काढायला सांगितलं. म्हातारा म्हणाला की माझ्याच्यानं हलवत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेवानं पाय उचलले. जिकडे ठेवावेत तिकडे पिंड उभी.

याचं तत्त्वज्ञान मोठे लोक सांगतील. मला एवढंच दिसतं की तेरला त्याच्या डोक्यावर थापटणं बसलं होतं, औंढ्यात त्याच्या हातात एका म्हाताऱ्याचे पाय आले. कच्चा आहेस हे दोन्हीकडे खरंच होतं. फरक एवढा की दुसरीकडे तो कोणाच्या तरी सोबत होता.

आणि दुसरी गोष्ट. तोवर त्याचा सगळा आनंद एका जागेवर, एका मूर्तीवर उभा होता. ते सुटलं की सगळं सुटणार. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल, सगळी सिस्टीम एकाच सर्व्हरवर आणि बॅकअप नाही. औंढ्यात विसोबांनी त्याचा विठ्ठल काढून घेतला नाही. तो सगळीकडे ठेवून दिला.

तरी मन लगेच बदलत नाही, हे गाथा प्रामाणिकपणे सांगते. ज्ञानोबांबरोबर तीर्थयात्रेला निघायची वेळ आली तेव्हा नामदेव पंढरी सोडताना व्याकूळ झाला. देवानं त्याचा हात ज्ञानोबांच्या हातात दिला म्हणे. वाटेत त्याला घरची आठवण यायची, डोळे भरायचे, आणि ज्ञानोबा त्याच्याशी बोलत चालायचे. तीर्थावलीत हे सगळं आहे. मारवाडातल्या विहिरीचा प्रसंगही तिथलाच. दोघं तहानलेले, ज्ञानोबा योगबळानं खाली उतरून पाणी पिऊन आले, नामदेवानं वरूनच विठोबाला हाक मारली आणि विहीर भरून वाहिली. पहिल्यांदा पुण्याला नोकरीला आलो तेव्हा वाकडच्या रूमवर मला सारखी हीच विहीर आठवायची. कॉट, बादली आणि एक एक्स्टेंशन बोर्ड, एवढीच इस्टेट. हाक मारायला शेजारी कोणी नव्हतं.

ती यात्रा झाली आणि मग शके १२१८ उजाडलं, इ.स. १२९६. आजचं वाचन इथून आहे.

आदल्या वर्षी अरणचे सावतामाळी गेले होते. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानोबा समाधीला बसले. नामदेवांच्या मुलांनी ती जागा झाडून स्वच्छ केली. निवृत्तीनाथांनी हाताला धरून नेलं आणि शिळा लावली. नामदेव तिथे होते. तिथी मोजून बघा. कार्तिक शुद्ध एकादशीचा जन्म, म्हणजे २६ पूर्ण होऊन जेमतेम सतरा तिथी झालेल्या. मग मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव. वैशाखात तापीकाठी मेहूणला मुक्ताबाई. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथ. आठ महिन्यांच्या आत चारही भावंडं गेली.

गाथेतले सगळे अभंग याच नामदेवांचे की नंतरच्या विष्णुदास नामांचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. मी इंजिनियर आहे, त्यात पडत नाही. पण समाधीचं प्रकरण परंपरेनं ज्या माणसाच्या नावावर ठेवलंय, तो माणूस तिथे रडतो. थांबत नाही इतका रडतो. ज्याच्यासाठी देव जेवला, ज्याला गुरू भेटला, ज्याला सगळीकडे पिंड दिसली, तो. आणि तो एकटा रडत नाही. निवृत्तीनाथांचा बांध फुटलेला तो लिहितो, बाकीच्यांचं रडणं लिहितो, देवालाही गहिवरलेला दाखवतो. त्या सगळ्या वर्णनात रडणाऱ्याला कोणीही म्हणत नाही की तू भक्त असून असं कसं.

हे मला म्हटलं गेलं होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्यानंतर मी पुण्याला परत आलो, कारण प्रोजेक्टची रिलीज होती. रडलो नाही. सगळे म्हणाले, खंबीर आहे, माळकरी आहे. चार-पाच महिन्यांनी जेवणाची चव गेली. हरिपाठ तोंडानं चालायचा, आत काहीच व्हायचं नाही. एकाच विचाराची चरकी फिरत राहायची: तिला आधीच मोठ्या दवाखान्यात हलवलं असतं तर. एका सत्संगात धीर करून बोललो, तर एका ज्येष्ठ माणसानं सांगितलं की खऱ्या भक्ताला डिप्रेशन येत नाही. ते वाईट मनानं बोलले नसतील. पण त्या रात्रीपासून माझ्या दुःखाला लाज पण चिकटली.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहितो, कारण माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला ती हवी आहे. त्या दिवसांत मी समाधीचं हे प्रकरण चुकीच्या डोळ्यांनी वाचत होतो. सगळं संपवून शांत होणं एवढाच अर्थ मला त्यात दिसायला लागला होता. म्हणूनच पुढे दोन वर्षं ते टाळलं. ज्ञानोबांची समाधी आणि थकलेल्या मनाला मरावंसं वाटणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली मला कळण्याच्या पलीकडची आहे, दुसरी आजारात येते आणि उपचारानं जाते. असा विचार येत असेल तर आज, आत्ता, जवळच्या माणसाला सांगा किंवा १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मी शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गोळ्या घेतल्या, बोलायला जायचो. त्यांनी समजावलं की शोक लाटांसारखा येतो, मध्ये एखादं हसू पण येतं. पण दोन आठवडे दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहिलं, कशातच रस वाटेना, झोप-भूक बिघडली, सगळा दोष स्वतःचाच वाटायला लागला, तर वाट बघत बसायचं नाही, दाखवायचं. आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. आईसाठी तुम्ही कोणासमोर रडलात? उत्तर कोणीच नाही असं होतं.

त्यानंतर कधीतरी आकडा डोक्यात आला. मला आकड्यांची सवय आहे. नामदेव समाधिस्थ झाले शके १२७२ ला. १२१८ वजा केले तर ५४. आळंदीला इतका रडलेला तो माणूस त्यानंतर ५४ वर्षं जगला. आपण कीर्तनात शिळा लावली जाते तिथे थांबतो, सगळे डोळे पुसतात, आरती होते. नामदेवांना दुसऱ्या दिवशी सकाळी उठावं लागलं असणार.

मग काय केलं त्यांनी? जे गेले त्यांच्याबद्दल सांगितलं. आदी, तीर्थावली, समाधी, ही ज्ञानोबांच्या चरित्राची तिन्ही प्रकरणं नामदेवांची. आज आपल्याला ती भावंडं जितकी माहीत आहेत, त्यातलं बरंच या माणसामुळे. दुःख पुन्हा पुन्हा उगाळण्यानं मन आणखी खोल जातं. पण तेच दुसऱ्या कोणाला सांगण्यासाठी क्रमानं मांडायला घेतलं की ते हळूहळू आठवण होतं. मला डॉक्टरांनी वहीत लिहायला सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर आमच्या नरसीच्या माणसानं सातशे वर्षांपूर्वी केलंय.

दुसरं म्हणजे ते चालत राहिले. जो मुलगा पंढरी सोडताना रडला होता, तो उत्तरेत पंजाबपर्यंत गेला. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला अनेक वर्षं राहिला, तिथल्या लोकांच्या भाषेत गायला. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यानं. तिथली मंडळी त्यांना बाबा नामदेव म्हणतात, आपलाच माणूस मानतात, आणि त्यांचा शेवटही तिथेच झाला असं सांगतात. ज्याची सगळी माणसं पंचवीस-तिशीच्या आत गेली, त्याला पुढच्या वयात परक्या मुलखात नवी माणसं मिळाली. मिळाली म्हणण्यापेक्षा, तो त्यांच्यात जाऊन बसला.

आणि मग शके १२६०, इ.स. १३३८. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले. वय ६८. त्या ढिगाऱ्यात हाडं कोणाची ते ओळखू येईनात. नामदेव एकेक उचलून कानाला लावत गेले, ज्यातून विठ्ठल नाम ऐकू आलं ती बाजूला काढली, आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. ज्या चोखोबांना लोकांनी आयुष्यभर देवळाबाहेर ठेवलं, त्यांची.

आळंदीत या माणसाला रडण्याशिवाय काही सुचत नव्हतं. मंगळवेढ्याला तो रडला की नाही माहीत नाही, पण हात दगडमातीत होते. म्हातारपणाचं दुःख वेगळंच असतं. बरोबरीची माणसं गळत जातात, आणि आपण काही कामाचे उरलो नाही असं वाटायला लागतं. माझे अण्णा आई गेल्यावर कधीच उदास आहे म्हणाले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले, पोट साफ होत नाही म्हणाले, भजनाला रात्री थंडी वाजते म्हणाले. परभणीला दोन डॉक्टर झाले, रिपोर्ट सगळे चांगले. त्यांच्या वयाच्या माणसांची उदासी पुष्कळदा अंगदुखीच्या नावानं येते, हे मला माझ्या उपचारांमुळे कळलं. नाहीतर मी पण तेल लावायलाच सांगत बसलो असतो.

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, १३५०. नामदेव पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीखाली समाधिस्थ झाले. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून ती जागा मागितली, असं सांगतात. आजही त्या पायरीवर कोणी पाय देत नाही, ओलांडून जातात.

मागच्या माघी वारीनंतर, गर्दी ओसरल्यावर, अण्णांना घेऊन गेलो होतो. त्यांच्या गुडघ्यांना पायरी ओलांडणं जमेना, म्हणून आम्ही बाहेरच चोखोबांच्या समाधीपाशी बसलो. तिथून नामदेव पायरी समोरच दिसते. अण्णांनी विचारलं, या दोघांत आधी कोण गेलं? मी सांगितलं, चोखोबा, बारा वर्षं आधी. अण्णा बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग आई दवाखान्यात होती त्या शेवटच्या रात्रीचं बोलायला लागले. मी पुण्याहून पोचायच्या आधी काय झालं, तिनं काय मागितलं, ते. अडीच वर्षांत पहिल्यांदा. फुलं विकणाऱ्या बाईनं पाणी आणून दिलं. तासभर आम्ही दोघं तिथेच होतो.

उद्या तीर्थावलीतला विहिरीचा प्रसंग सावकाश वाचू. राम कृष्ण हरी.